पावणेतीनचा भोंगा

गाडीचा भोंगा कोकलायला लागला की काका घरातून खाली धावत आणि काकू मागच्या जिन्याने वर गच्चीकडे. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. काका धावत ते भोंगा का वाजतो हे शोधायला. काकू धावत त्या आपण तिथे नव्हतोच हे दाखवायला.

उगाच रहस्य करण्यात अर्थ नाही, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं: गाडीत काकू बसत होत्या. रोज दुपारी अडीचला, मागच्या सीटवर, वीसेक मिनिटं. चोरी नाही, लफडं नाही, काही नाही. नुसत्या बसत होत्या.

कुणी म्हणेल, घर सोडून गाडीत कशाला बसायचं? त्याने आधी ते घर बघावं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतली खोली मुलाने ऑफिसच्या कामासाठी बळकावलेली, दार लावून दिवसभर मीटिंगा. मधेच दार किलकिलं करून ओठांनी नुसतं "चहा" म्हणायचं, की लागलं दार. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि त्यांचा टीव्ही. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून टीव्ही मोठा, आणि टीव्ही मोठा म्हणून त्यांचा आवाज त्याहून मोठा. स्वयंपाकघराला दारच नाही. आणि या सगळ्यात, आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन घरी आलेले काका.

काका म्हणजे काकूंचे यजमान. त्यांनी चौतीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक खोकं बाहेर पडत नसे, आणि खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी ते शाल घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून घर तपासायला लागले. "अगं ऐकलंस का, हे झाकण कुठल्या डब्याचं?" "अगं ऐकलंस का, नळाला थेंब आहे." "अगं ऐकलंस का, नेलकटर जागेवर नाही." काकूंनी एक दिवस मोजलं. दुपारच्या जेवणापर्यंत एकतीस वेळा 'अगं ऐकलंस का' झालं. मग मोजायचं सोडलं, कारण मोजल्याने डोकं जास्तच उठायला लागलं. बाथरूममध्ये कडी लावून दोन मिनिटं उभं राहावं तर बाहेरून टकटक, "अगं, आत आहेस का?" आत नाही तर काय नळातून वाहून गेले?

तर एकदा छत्री गाडीत राहिली होती म्हणून काकू खाली गेल्या. मागच्या सीटवर चढून छत्री शोधताना मागे दार आपोआप लागलं. धप्प. आणि सगळं बंद झालं. टीव्ही बंद, सासूबाई बंद, मीटिंगा बंद, रस्ता बंद. गाडीच्या दाराला ते जाड रबर असतं ना, त्याने जगाचा आवाज बाहेर ठेवला. समोर फक्त पार्किंगची भिंत, तिच्यावर उडालेल्या चुन्याचा एक डाग. काकू त्या डागाकडे बघत बसून राहिल्या. किती वेळ कोण जाणे. वर आल्या तेव्हा त्यांना आठवलं की छत्री तिथेच राहिली. त्या दिवशी त्या कुणावरही ओरडल्या नाहीत.

तेव्हापासून हा नेम. काका दुपारी जेवून दिवाणावर आडवे होत, टीव्हीच्या कलकलाटातही घोरत. सासूबाईंचं लक्ष मालिकेत. काकू डाळीच्या डब्यामागे ठेवलेली जादा चावी मुठीत घेत, "गच्चीवरचे कपडे आणते" म्हणून सांगत आणि खाली उतरत. वीस मिनिटांनी खरोखरच गच्चीवर जाऊन कपडे आणत. कुणाला पत्ता नाही. सांगून टाकावं असं त्यांच्या मनात दोन-तीनदा आलंही. पण त्या घरात सांगितलेली गोष्ट सगळ्यांची होत असे. मुलगा म्हणाला असता, "आई, तुला काही त्रास आहे का? आपण बोलू या." सासूबाई म्हणाल्या असत्या, "आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या?" आणि काकांनी वेळापत्रक करून दिलं असतं. म्हणून काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण काकांना कुलपाची खोड.

कुलूप लावलं की ते ओढून बघायचं. एकदा नाही, तीनदा. गावाला जायला निघाल्यावर ते गल्लीच्या टोकावरून परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि सगळं बिऱ्हाड सामान घेऊन उन्हात उभं. गाडीला कुलूपच नाही, तर ओढणार काय? म्हणून त्यांनी बटण धरलं. बाल्कनीत आले की खिशातून चावी काढायची, खाली रोखायची आणि दाबायची. खालून गाडी 'टुक' करी. मग काकांच्या जिवाला बरं वाटे. दिवसातून दहा-बारा 'टुक' तरी होत.

तीन आठवड्यांपूर्वी काकांची दुपारची झोप अर्धी झाली. पावणेतीनलाच जाग यायला लागली. जाग आली की बाल्कनी, बाल्कनी आली की बटण. आणि गाडीत काकू.

वरून गाडीचं फक्त टप दिसतं. काकांनी दाबलं, 'टुक' झालं, दारं लागली. काकूंना वाटलं, लागेनात का, आपल्याकडे चावी आहे. त्यांनी आरामात मान वळवली, आणि भोंगा जो काय कोकलायला लागला! काकूंनी चावी दाबून तो गप्प केला, बाहेर पडून दारं पुन्हा लावली आणि मागच्या जिन्याने थेट गच्ची गाठली.

त्या दिवशी काकांनी नवी वही काढली. वर लिहिलं, 'भोंगा. कारण अज्ञात.'

मग सुरू झाला तपास. तळमजल्यावरच्या नर्सबाईंची रात्रपाळी असे, त्या दिवसा झोपत. पहिल्या आठवड्यात त्या शांतपणे सांगून गेल्या, दुसऱ्या आठवड्यात नाइट गाउनवर, विस्कटलेल्या केसांनी वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, मी रात्रभर सतरा पेशंट बघते हो. दुपारचे चार तास झोपू द्या मला." काका शरमेने लाल झाले. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या, त्या त्याहून लाल झाल्या.

गाड्यांचं वायरिंग करणारा एक इलेक्ट्रिशियन आला. आधी म्हणाला बॅटरी उतरली असेल, उतरलेल्या बॅटरीवर भोंगे असे वेड्यासारखे वाजतात. बॅटरी ठणठणीत निघाली. मग म्हणाला बॉनेट नीट बसत नसेल, गाडीला वाटतं कुणी उघडलं. बॉनेटचा खटका साफ केला, तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला भोंगा. मग चारी दारांची बटणं साफ. पावणेतीनला भोंगा. काका प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत आणि पुढे 'नापास' असा शेरा मारत. एकदा त्यांनी सबंध दुपार गाडीशेजारी खुर्ची टाकून पहारा केला. त्या दिवशी काय वाजणार, कप्पाळ? काकू वर होत्या, त्यांना दोनदा चहा घेऊन खाली यावं लागलं.

"बघ," काका कपात फुंकर घालत म्हणाले, "मी असलो की वाजत नाही."

"तुम्ही असलात की काहीच चालत नाही," काकू म्हणाल्या.

"अगदी बरोबर!" काका म्हणाले आणि वहीत तसं लिहूनही घेतलं.

मधल्या काळात काकूही शिकल्या. इलेक्ट्रिशियन काकांना समजावत असताना त्यांनी जिन्यात उभं राहून ऐकलं: आरशापाशी दोन बारीक जाळ्या आहेत, कुलूप लागल्यावर आत काही हललं की त्या ओळखतात. म्हणजे हललं तरच. मग काय, पावणेतीनला वरून 'टुक' झालं की काकू पुतळा होत. मान सरळ, हात मांडीवर, श्वाससुद्धा बेताचा. काका बाल्कनीतून आत गेले असावेत असा अंदाज घेऊन मग हळूच चावी दाबायची. एकदा त्यांनी घाई केली. त्यांनी दारं उघडली, वरून काकांनी लावली. त्यांनी पुन्हा उघडली, काकांनी पुन्हा लावली. टुक-टुक, टुक, टुक-टुक, टुक. काका इलेक्ट्रिशियनला फोनवर ओरडून सांगत होते, "अहो, आपोआप उघडतेय! माझ्या डोळ्यांदेखत!" तेव्हापासून काकू मुकाट्याने पुतळाच होत.

पण माणूस किती वेळ पुतळा राहणार? एकदा शिंक आली. एकदा डास चावला. एकदा नुसतं हसू आलं, आणि तेही स्वतःचंच. पुतळा होऊन काकू त्या चुन्याच्या डागाकडे बघत असत आणि मनात येई, अरे देवा, सगळ्या जगात माझी म्हणून एक जागा, आणि तिथेही मी हलायचं नाही. मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आग मस्तकात जाताना जरा हललं जाई, आणि वाजे.

गुरुवारी इलेक्ट्रिशियन तिसऱ्यांदा आला. सगळं तपासून त्याने मागच्या सीटवर हात फिरवला, बोटांना लागलेला चुरा बघितला, सीटच्या फटीतून एक केसांची पिन काढली आणि ती परत जिथल्या तिथे ठेवली. मग काकूंकडे एकदा बघितलं. काकूंनी वर छताकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "भोंगा चांगलाय. गाडीला वाटतं आत कुणीतरी आहे."

"आत कुणी नसतं हो!" काका चिडून म्हणाले. "तोच तर वांधा आहे! आत कुणीही नसताना वाजतो!"

काकूंना ते का लागलं कुणास ठाऊक. चिडायचं काही कारण नव्हतं, त्यांनी स्वतःच इतके दिवस हे लपवलं होतं. पण 'आत कुणी नसतं' हे वाक्य त्यांच्या डोक्यातून काही जाईना.

"हा चुरा कसला?" काकांनी बोटावर घेऊन वास घेतला. "बिस्किट. उंदीर! उंदीर येतोय, वायरी कुरतडतोय!"

"असेल," इलेक्ट्रिशियन हत्यारं गोळा करत म्हणाला. "एखादी गोष्ट सापडली नाही तर काका, घरी विचारून बघावं." आणि निघून गेला.

त्याच संध्याकाळी काकांनी जेवताना जाहीर केलं, "शनिवारपर्यंत बघायचं. नाही थांबलं तर रविवारी जावईबापू येतायत, त्यांना गाडी देऊन टाकू. नर्सबाईंसमोर मला तोंड दाखवता येत नाही. आणि आपल्याला तरी कुठे लागते गाडी? महिन्यातून दोनदा."

"देऊन टाका," मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

"काय म्हणतोय?" सासूबाई म्हणाल्या.

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली. आपल्याला कुठे लागते गाडी! आपल्याला म्हणजे कुणाला? त्या रात्री त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सांगितलं तर जागा गेली, नाही सांगितलं तर गाडीच गेली. शुक्रवारी त्या खाली गेल्याच नाहीत, आणि साहजिकच भोंगाही वाजला नाही. काका वहीवर पेन आपटत म्हणाले, "उंदीर सावध झाला. हे थांबणं नव्हे, गाडी द्यायचीच."

शनिवारी अडीच वाजले. काकूंनी ठरवलं, उद्यापासून नाहीच आहे तर आज शेवटचं बसून घेऊ. त्या गाडीत शिरल्या, दार लागलं, जग बंद झालं. त्यांनी चपला काढल्या आणि नेहमीसारखे पाय पुढच्या सीटखाली लांब केले.

पाय चिकटले.

काकूंना आधी कळेचना. उजवा पाय उचलला तर त्याबरोबर एक काळा पुठ्ठा वर आला. तो काढायला डावा पाय लावला तर तोही चिकटला. हाताने ओढायला वाकल्या, तर मांडीवरची चावी घसरली आणि टपकन पुठ्ठ्यावर पडली, नेमकी बटणाच्या बाजूने खाली. उंदीर पकडायचा चिकट पुठ्ठा! काकांनी सकाळीच लावला होता, आणि तपासाची गुप्तता म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"अहो, काय माणूस आहात तुम्ही!" काकू रिकाम्या गाडीत मोठ्याने म्हणाल्या.

वरून 'टुक' झालं.

काकू पुतळा झाल्या. पण दोन्ही पाय गोंदात, कंबर अर्धी वाकलेली, आणि पाठीत चमक भरायला लागलेली. त्यांनी मनात वीसपर्यंत मोजलं. बावीसला पाठीतून कळ निघाली आणि भोंगा वाजला.

आज तो गप्प करायला चावी नव्हती. वाजतच राहिला. तळमजल्यावर खिडकी आपटली. जिन्यात धपधप पावलं आली, आणि काका हातात काठी घेऊन पार्किंगमध्ये ओरडत शिरले, "सापडला! सापडला!"

त्यांनी चावी दाबली. भोंगा थांबला. काठी उगारून त्यांनी झटक्यात मागचं दार उघडलं.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या, पायाला पुठ्ठा लावून.

काठी तशीच वर होती. मग काकांनी ती खाली केली.

"काका, सापडलं का आज तरी?" नर्सबाईंनी खिडकीतून विचारलं.

"सापडलं," काका म्हणाले.

"काय होतं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. सीटवरच्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघितलं. गोंदात पडलेल्या जादा चावीकडे बघितलं. चौतीस वर्षांत खोटी नोंद न केलेला तो माणूस म्हणाला, "वायर. सैल झाली होती. आता नाही वाजायचा."

खिडकी लागली. काकांनी रुमाल काढला आणि गुडघ्यावर बसून काकूंचा एक पाय पुठ्ठ्यापासून सोडवायला लागले. गोंद तारेसारखा लांबत होता.

"इथे काय करत होतीस?"

"बसले होते."

"बसून काय करत होतीस?"

"काही नाही."

"मग घरात जागा नाही का बसायला?"

"नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी दुसरा पाय सोडवला. मग उठले, पुढचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. दार लावलं. धप्प. त्यांनी कान टवकारले, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, ऐकलंस का! काही ऐकूच येत नाही इथे! हे बरं आहे गं! मला आधी का नाही सांगितलंस? उद्यापासून मीही येत जाईन. तिथे मागे एक छोटा पंखा लावता येईल. आणि या डागावर चुना मारून घेऊ. थर्मास आणू. आणि एक वही..."

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर जा."

"कुठे बाहेर?"

"गाडीच्या बाहेर." काकूंचा आवाज चढला नाही. "तीन आठवडे मी इथे श्वास धरून बसतेय, कारण तुम्ही बटण दाबता. आणि तुम्ही म्हणता आत कुणी नसतं. मी असते. रोज वीस मिनिटं मी एकटी असते, आणि मला एकटीच असायचंय. तुमच्यावर राग नाही. पण तुम्हीही नको."

काका बसून राहिले. त्यांचा पाठमोरा, टक्कल पडलेला माथा काकूंना दिसत होता, आणि त्यांना वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

मग काका उतरले. दार हळूच लावलं, आणि काचेपाशी वाकून, बोटाने काचेवर टकटक केलं. काकूंनी दार किंचित उघडलं.

"आणि जावईबापूंना काय सांगू?"

"सांगा, गाडीत जागा नाही."

काका दोन पावलं गेले, परत आले. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तिथेच घुटमळला, आणि रिकामाच बाहेर आला. ते काठी टेकत जिन्याकडे गेले.

काकूंनी दार ओढून घेतलं. पायाचे तळवे चिकचिकत होते, साडीच्या काठाला गोंद लागला होता, चावीचं तर वाटोळंच झालं होतं. वर तिसऱ्या मजल्यावर आता काका बाल्कनीत आले असतील. इतक्या वर्षांची खोड, एका दिवसात थोडीच जाते? काकू पुतळा झाल्या. मान सरळ, हात मांडीवर. चुन्याच्या डागाकडे बघत त्यांनी 'टुक'ची वाट पाहिली.

वरून सासूबाईंची हाक आली असावी, काच बंद असूनही पुसटशी ऐकू आली. पाठोपाठ काकांचा आवाज, आईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडून, "ती घरात नाही! चहा मी टाकतो!"

काकूंनी पन्नासपर्यंत मोजलं. मग शंभरपर्यंत. मग त्यांनी हळूच उजवा हात उचलला आणि नाकावर आलेली केसांची बट मागे सारली.

काही वाजलं नाही.

काकूंनी पाय वर घेतले, सीटवर कूस बदलली आणि उशाला हात घेऊन आडव्या झाल्या.